जोत्याआधीचा पैसा

महाराष्ट्रात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेतली की जो करारनामा होतो, त्याच्या पोटात हप्त्यांचे एक कोष्टक असते. रेरा या स्थावर संपदा कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांबरोबर सरकारने नमुना करारनामा दिला, त्यात या हप्त्यांच्या कमाल मर्यादाही घालून दिल्या. करार झाल्यावर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाले की ४५, सगळे स्लॅब पडले की ७०, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या लागल्या की ७५, आणि असे करत लिफ्ट, पंप, वीज आली की ९५. उरलेले ५ टक्के ताबा घेताना. यातला जोत्याचा टप्पा थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी साइटवर गेले तर काय दिसते? गुडघ्या-कमरेएवढा उंच, भराव टाकून ठोकून घेतलेला एक ओटा, त्यातून वर आलेल्या कॉलमच्या सळया, कोपऱ्यात वॉचमनची पत्र्याची खोली. बांधकामाचा बहुतेक खर्च अजून व्हायचाच असतो. तरी घर घेणाऱ्याकडून निम्म्याच्या जवळपास रक्कम तोवर मागता येते, ती कशापोटी? मुख्यतः जमिनीपोटी. जमीन विकत घेण्यासाठी खासगी बिल्डरला कर्ज देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. म्हणजे ज्या जमिनीवर ते जोते उभे आहे तिची किंमतही बऱ्याच अंशी, अजून न बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहायला येणारा माणूसच चुकती करत असतो.

ही काही गेल्या वीस-तीस वर्षांतल्या तेजीची विकृती नाही. मुंबईतल्या लहान निवासी इमारतीचा, म्हणजे तीन-चार मजल्यांच्या आणि दहा-वीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा पैसा गेली सत्तर-ऐंशी वर्षे प्रामुख्याने तिथे राहणाऱ्यानेच, राहायला जाण्याआधी उभा केलेला आहे. कधी त्याला शेअर म्हटले, कधी पागडी, कधी डिपॉझिट, कधी बुकिंग. मुंबईच्या घरबांधणीचा इतिहास साधारणपणे जमिनीचा किंवा कायद्यांचा म्हणून सांगितला जातो. तो पैशाच्या बाजूने वाचला तर निराळा दिसतो. पैसा कोणाचा, याचे उत्तर फारसे बदललेले नाही. बदलत गेले ते एवढेच, की त्या पैशाच्या तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या.

आधी असे नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या चाळी घरमालकाच्या भांडवलावर उभ्या राहिल्या. कापसात, सराफीत, गिरण्यांत कमावलेला पैसा घरात गुंतवायचा, कमी पडला तर जागा गहाण टाकून सावकाराकडून उचलायचा आणि दरमहा भाड्यातून व्याज सोडवायचे, असा तो सरळ हिशेब होता. भाडेकरूने आधी काही द्यायचे नसे. या हिशेबात खोली लहान, बिऱ्हाडे दाटीवाटीची आणि संडास शेवटाला हे ओघानेच आले, कारण चौरस फुटामागे जितकी माणसे जास्त तितका परतावा जास्त. १८९६ च्या प्लेगने या हिशेबाची किंमत शहराला दाखवली आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. ट्रस्टने रस्ते पाडले, दादर-माटुंग्याला भूखंड आखून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, पण घरे बांधायला लागणाऱ्या पैशाचा प्रश्न बराचसा खासगी मालकावरच सोडला. पहिल्या महायुद्धात सिमेंट, लोखंड, लाकूड सगळेच महागले, माणसांचा लोंढा वाढला, भाडी चढली आणि १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. सरकारने स्वतः सावकार होऊन पाहिले तेही याच काळात. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले, साडेसहा टक्क्यांचे कर्जरोखे विकले, शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत केला. प्रत्यक्षात झाल्या सुमारे १६ हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या त्या बीडीडी चाळींतल्या कितीतरी खोल्या विशीच्या दशकात रिकाम्या पडून होत्या. बांधकामाचा खर्च आणि कर्जाचे व्याज भागवील असे भाडे गिरणी कामगाराला परवडत नव्हते, आणि त्याला परवडेल असे भाडे लावले तर तूट सरकारच्या अंगावर येत होती. हा अनुभव लक्षात ठेवायला हवा, पुढे एका आक्षेपाला उत्तर देताना तो लागणार आहे.

याच्या काही वर्षे आधीच गावदेवीत तिसरा रस्ता सापडला होता. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कानड्यातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या सारस्वतांनी १९०६ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने शामराव विठ्ठल ही पतसंस्था काढली आणि त्याच तालमकींनी १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली. ट्रस्टच्या गावदेवीतल्या भूखंडांवर तिच्या इमारती उभ्या राहिल्या. कारकुनी करणाऱ्या माणसाकडे चाळ बांधण्याइतका पैसा नसतो, पण दरमहा ठरलेली रक्कम टाकण्याची शिस्त असते. अशा पुष्कळ माणसांची शिस्त एकत्र केली तर ती भांडवलासारखी वापरता येते, ही त्यामागची कल्पना. तशी ती नवीनही नव्हती. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या गोल्डन क्रॉस या खानावळीत रिचर्ड केटली या तिच्या मालकाच्या पुढाकाराने १७७५ च्या सुमारास अशी सोसायटी निघाली होती. सभासदांनी दरमहा वर्गणी भरायची, पुरेसा पैसा साठला की एकाचे घर व्हायचे, मग दुसऱ्याचे, आणि सगळ्यांची घरे झाली की सोसायटी बंद. आपल्याकडची भिशी जिला माहीत आहे त्या कुठल्याही गृहिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही. राहणाऱ्यांचा आगाऊ पैसा म्हणजे काहीतरी मागासलेली किंवा लबाडीची पद्धत, असे म्हणता येत नाही ते यामुळे. घरकर्जाच्या प्रतिष्ठित संस्थांचे मूळ त्याच पद्धतीत आहे. गावदेवीत पैसा राहणाऱ्यांचा होता, जमिनीचा पट्टा सोसायटीच्या नावावर होता आणि खर्चाचा हिशेब वार्षिक सभेत वाचला जात होता. पुढे यातली पहिली गोष्ट टिकली, बाकीच्या दोन सुटत गेल्या.

सहकाराचे गोडवे गाताना त्याची किंमतही सांगायला हवी. अनोळखी माणसांनी एकमेकांच्या भरवशावर पैसा टाकण्यासाठी विश्वास लागतो, आणि १९१५ च्या मुंबईत तो विश्वास जातीच्या ओळखीतून आला. त्यामुळे कित्येक सोसायट्या एका जातीच्या, एका प्रांताच्या, एका धर्माच्या झाल्या, आणि ज्यांच्या जातीत पगारदार माणसेच कमी त्यांना हा रस्ता बंद राहिला. ही गोष्ट इतकी खोल रुजली की एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात, आपल्याच समाजापुरते सभासदत्व राखण्याचा पोटनियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. प्रकरण अहमदाबादचे होते, पण निकाल वाचून चपापणारे लोक मुंबईतही कमी नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारडे फिरले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेचे भाडे त्या पहिल्या भाड्यावरच थिजले. १९५० साली बांधून भाड्याने दिलेल्या खोलीचे भाडे १९७० सालीही जवळपास तेच राहणार, हे मालकाला पाया खणतानाच दिसत होते. मग त्याने हिशेब उलटा केला. दरमहा भाड्यातून जे पुढल्या तीस वर्षांत मिळायचे ते सुरुवातीलाच एकरकमी घ्यायचे. त्याला पागडी म्हणत. कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा होता, तेव्हा पावती नाही, साक्षीदार नाही, व्यवहार रोखीत. कोणी डिपॉझिट म्हणे, कोणी गुडविल, कोणी फर्निचरची किंमत. नव्या इमारतीत होणाऱ्या भाडेकरूंकडून पागडी आधी गोळा करायची आणि त्याच पैशातून इमारत बांधायची, ही रीत पडली. भाडेकरूने खोलीची जवळजवळ किंमतच मोजलेली असे, पण कागदावर तो भाडेकरूच. खोली दुसऱ्याला द्यायची तर येणाऱ्या पागडीतला वाटा, रिवाजाने बहुधा तिसरा हिस्सा, मालकाला. गावदेवीत जो पैसा सभेपुढे मोजला जात होता तो आता धोतराच्या सोग्यातून दिला जाऊ लागला. कायद्याने ही पागडी मान्य केली ती १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात, म्हणजे अर्धशतकानंतर.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. भाडेनियंत्रण नसते तर खासगी भांडवल भाड्याच्या इमारती बांधत राहिले असते आणि सामान्य माणसाला घरासाठी आयुष्याची पुंजी आधी ओतावी लागली नसती, असा तो आक्षेप. त्यात तथ्य आहे. गोठवलेली भाडी अवाजवी झाली आहेत हे सर्वोच्च न्यायालयानेही मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. दुरुस्तीला पैसा उरत नाही म्हणून उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले, आणि त्याच्या यादीत १९,६४२ इमारती आल्या, याचेही एक मोठे कारण हेच. पण सगळे खापर या कायद्यावर फोडले की विशीतल्या त्या रिकाम्या खोल्या हिशेबातून निसटतात. बीडीडीच्या खोल्या रिकाम्या होत्या तेव्हा भाडी १९४० च्या पातळीवर थिजलेली नव्हती. तरीही व्याज भागवणारे भाडे आणि कामगाराची मिळकत यांची तोंडमिळवणी झाली नाही. भाडेनियंत्रणाने आधीच लंगडणारा हिशेब पार बसवला, असे म्हणणे जास्त खरे. आणि तो बसल्यावर मालकाने घरबांधणी सोडली नाही, राहणाऱ्याला सावकार केले. हा बदल कायद्याने सांगितलेला नव्हता. टंचाईच्या शहरात ज्याच्या हाती जमीन, त्याला तो करता आला.

पन्नाशीच्या दशकात पागडीच्या पोटातून ‘ओनरशिप’ निघाली. मुंबईकर अजून ‘ओनरशिपचा फ्लॅट’ म्हणतो, भाड्याचा किंवा पागडीचा नव्हे हे सांगण्यासाठी. एवढी रक्कम मोजायचीच आहे तर मालकी तरी मिळावी, हा घेणाऱ्याचा हिशेब. भाडेनियंत्रणाची कटकट नको, पैसे मिळाले की मोकळे, हा बिल्डरचा. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, पगारदार मध्यमवर्ग, दुकानदार, सगळ्यांना ते पटले. सोसायट्याही निघाल्या, पण त्यातल्या बऱ्याच बिल्डरनेच काढलेल्या. मुख्य प्रवर्तक म्हणून त्याचाच मेहुणा किंवा हिशेबनीस, आणि सभासदांची पहिली सभा व्हायच्या आत कंत्राट दिलेले. बुकिंगचे पैसे घेऊन दुसरीकडे वळवणे, एकच फ्लॅट दोघांना विकणे, ताबा लांबवणे यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १९६० साली समिती नेमली आणि १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायदा, म्हणजे मोफा, आला. २० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही, आणि तीही लेखी करार करून नोंदवल्यावर. घेतलेला पैसा बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचा. सोसायटी करून द्यायची आणि तिच्या नावे जमिनीचे खरेदीखत करून द्यायचे. या शेवटच्या कामाला नियमात मुदत होती सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांची.

चार महिन्यांची चाळीस वर्षे झाली. कारकुनी दिरंगाई म्हणून याकडे पाहणे भाबडेपणाचे होईल. राहणाऱ्यांनी जमिनीचे पैसे जोत्याआधीच दिले, इमारत झाली, माणसे राहायला गेली, नळाला पाणी आले, आणि सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव राहिले जुन्या मालकाचे किंवा बिल्डरचे. खरेदीखत, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, ते लांबवण्यात फायदा होता. शहरात १९६४ च्या विकास नियमांपासून एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचे प्रमाण, आले होते. पुढे कधी ते वाढले, तर वाढीव बांधकामाचा हक्क कोणाचा, हे जमीन कोणाच्या नावावर आहे त्यावर ठरणार. हजारो सोसायट्या अशा लटकल्या, तेव्हा २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय करावी लागली. बिल्डर सही करत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याने त्याच्या वतीने द्यायची. स्वतः पैसे मोजलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून अर्ज, आव्हान, सुनावण्या, असा तो प्रवास.

या सगळ्यात कर्ज कुठे होते? १९७७ पर्यंत जवळजवळ नव्हतेच. प्रॉव्हिडंट फंडातून उचल, सरकारी नोकरांना घरबांधणी अग्रिम, पतसंस्था, सासऱ्याकडून हातउसने, आणि शेवटी बायकोच्या बांगड्या, यांतून लहान इमारतीचे भांडवल येई. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी काढली तेव्हा पगारदाराला घरासाठी कर्ज देणे हा धंदा होऊ शकतो यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. त्या संस्थेने आणि १९८८ च्या नॅशनल हाउसिंग बँकेनंतर आलेल्या इतरांनी चाळिशीतच घर मिळण्याची सोय केली, हे निर्विवाद. बांधकामाच्या भांडवलाचे मूळ मात्र तिथेच राहिले. बँक पैसा टप्प्याटप्प्याने बिल्डरकडे सोडते, पण कर्जदार म्हणून सही घर घेणाऱ्याची. इमारत रखडली तर तो जुन्या जागेचे भाडे आणि न मिळालेल्या घराचे व्याज, दोन्ही भरतो. बिल्डरला सरळ कर्ज दिले असते तर जी जोखीम बँकेच्या वहीत दिसली असती, ती शे-दोनशे पगारदारांच्या वह्यांत वाटली जाते.

यावर बिल्डरचीही बाजू आहे, आणि ती नुसती झटकून टाकण्यासारखी नाही. लहान बिल्डर जमिनीचा सौदा करतो, भाडेकरूंना हलवतो, परवानग्यांसाठी महिनोन्‌महिने खेटे घालतो, बाजार बसला तर न विकलेले फ्लॅट त्याच्याच गळ्यात पडतात, आणि मधल्या काळात तो खासगी फायनान्सरकडून महिना दोन टक्क्यांनी पैसा उचलतो. ही जोखीम खरी आहे. पण तो फायनान्सर पैसा देतो तो कशाकडे पाहून? होणाऱ्या बुकिंगकडे. पुढल्या हप्त्यांतून आपले फिटणार याची खात्री असते म्हणून. म्हणजे बिल्डरची पतसुद्धा शेवटी घर घेणाऱ्याच्या खिशावरच उभी. कायद्याच्या दरबारात हे हळूहळू उच्चारले गेले. बांधकाम चालू असताना झालेल्या करारावर विक्रीकर लागतो का, या वादात बिल्डरांचे म्हणणे होते की आम्ही आमच्यासाठी बांधतो आणि मग स्थावर मालमत्ता विकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लार्सन अँड टुब्रो प्रकरणात सांगितले की घेणाऱ्याशी करार झाल्यापासूनचे काम हे त्याच्यासाठी केलेले कंत्राट आहे. निकाल करापुरता होता, आणि करही अखेर घेणाऱ्याच्याच बिलात चढला, हे खरे. २०१८ साली दिवाळखोरी संहितेत बदल करून घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको, म्हणजे बँकेच्या पंगतीतला सावकार, मानले गेले, आणि २०१९ साली पायोनियर अर्बन प्रकरणात न्यायालयाने ते उचलून धरले. पागडी देणाऱ्याला १९५० साली जे ठाऊक होते ते कायद्याच्या भाषेत यायला सत्तर वर्षे लागली.

२०१६ च्या रेरा कायद्याने घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात आणि फक्त बांधकाम व जमिनीच्याच खर्चासाठी, असे बंधन घातले. १९६३ च्या वेगळ्या खात्याचीच ही दात आलेली आवृत्ती. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर रेराची नोंदणी लागत नाही. लहान इमारत इथेच सुटते. आणि मुंबईतल्या जुन्या, लहान सोसायट्यांपैकी बऱ्याच आता पाडून नव्याने बांधण्याच्या वयाला आल्या आहेत. बहुतेक ठिकाणी बिल्डर येतो, रहिवाशांना भाडे देऊन बाहेर काढतो आणि वरच्या नव्या मजल्यांच्या बुकिंगमधून सगळा खर्च काढतो. बुकिंग थंडावले की भाड्याचे चेक थंडावतात. काही सोसायट्या मात्र स्वयंपुनर्विकासाकडे वळल्या आहेत. २०१९ साली राज्य सरकारने त्यासाठी सवलतींचा शासन निर्णय काढला, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जयोजना आखली. कंत्राटदार सोसायटीने नेमायचा, पैसा सोसायटीच्या नावाने उचलायचा, वरचे मजले विकून तो फेडायचा. गावदेवीच्या सभासदांना यात अनोळखी असे काही वाटले नसते.

अशा कर्जाला तारण लागते, आणि तारण म्हणजे जमीन. बँकेचा अधिकारी सोसायटीच्या सचिवाकडे सर्वांत आधी कन्व्हेयन्सचा कागद मागतो. सचिवाच्या फायलीत भोगवटा प्रमाणपत्र असते, पालिकेच्या पावत्या असतात, आणि सभासदांची भागपत्रे असतात, प्रत्येकी पन्नास रुपयांचे पाच भाग, एकूण अडीचशे रुपये. जमिनीचा कागद बहुधा अजून अर्जाच्या फायलीत असतो.